अमेरिकेतून पेटंटचं पत्र आलंय. एकट्या डेव्हलपरने काय करावं?

रियाजी_कोडर

नमस्कार मंडळी. नाशिकला घरून काम करतो. कंपनी वगैरे नाही, मालकही मीच आणि हमालही मीच. रियाजासाठी एक अ‍ॅप केलंय: मागे तानपुरा चालू राहतो आणि गाताना आपला सूर कुठे लागतोय त्याची रेघ पडद्यावर उमटते. मूळ अ‍ॅप फुकट. जास्तीच्या पट्ट्या आणि रागवार पलटे, म्हणजे सरावाच्या स्वररचना, आतून विकत घेता येतात. गिऱ्हाइकं बरीचशी पुण्या-मुंबईची, पण न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातलीही पुष्कळ. तिकडे पोरांना गाणं शिकवणारे आपलेच लोक.

गेल्या आठवड्यात एका अमेरिकन वकिली फर्मची मेल आली. त्यांच्या अशिलाकडे 'दोन पेटंट' आहेत, माझं अ‍ॅप त्यांचा भंग करतं, ठरावीक मुदतीत एकरकमी पैसे भरून परवाना घ्या, नाहीतर कोर्टात भेटू. रक्कम मोठी खुबीची आहे. भरताना जीव कासावीस होईल, पण घर विकावं लागणार नाही.

फर्मचं नाव, पेटंटचे नंबर इथे टाकत नाही. मला दोन गोष्टी हव्या आहेत. या पत्राचं काय करायचं, आणि पुढचं काही बनवताना हे झेंगट टाळायचं कसं? कोड लिहायला बसण्याआधी पेटंट शोधत बसायचं का?

हडपसर_बॅकएंड

डिलीट मारा. भारतात सॉफ्टवेअरला पेटंटच मिळत नाही. विषय संपला.

अ‍ॅड_सायनकर

विषय इतक्यात संपत नाही. मी पेटंट एजंट आहे आणि वकिलीही करते. इथे लिहितेय तो सल्ला नव्हे, गप्पा समजा.

आपल्या पेटंट कायद्यात, १९७० च्या, कलम ३(के) आहे: गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, अल्गोरिदम आणि 'निव्वळ' संगणक प्रोग्राम यांना पेटंट नाही. सगळी गोम त्या 'निव्वळ'मध्ये आहे. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमात सरकारने हे दार बरंच किलकिलं केलं होतं: उद्योगातला तांत्रिक वापर असेल किंवा हार्डवेअरशी जोड असेल तर चालेल, असं. २००५ मध्ये संसदेने ते काढून टाकलं. म्हणून लोक म्हणतात, इथे सॉफ्टवेअर पेटंट नाही. पण पेटंट ऑफिसची मार्गदर्शक तत्त्वं तेव्हापासून हेलकावे खातायत. फेब्रुवारी २०१६ मध्ये म्हणाले, नुसता प्रोग्राम नको, हार्डवेअरही नवं दाखवा. जून २०१७ मध्ये ती अट गेली. डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अल्लानी यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की शोधाचा 'तांत्रिक परिणाम' दिसत असेल तर केवळ प्रोग्रामवर चालतो म्हणून त्याला हाकलून लावू नका. आज तांत्रिक परिणामाच्या नावाखाली इथेही अशी पेटंटं मिळतात, आमच्या मुंबईच्या अँटॉप हिलमधल्या पेटंट ऑफिसातूनसुद्धा.

पण रियाजींच्या बाबतीत भारताचा कायदा हा मुद्दाच नाही. पेटंट त्या त्या देशापुरतं असतं. न्यू जर्सीतल्या माणसाने तिथे बसून अ‍ॅप विकत घेतलं, वापरलं, म्हणजे विक्री आणि वापर अमेरिकेत झाला. तुम्ही कोड नाशिकमध्ये लिहिला म्हणून सुटका होत नाही.

हडपसर_बॅकएंड

मग अमेरिका ब्लॉक करायची स्टोअरमधून. एक टिकमार्क काढला की झालं.

रियाजी_कोडर

अमेरिका काढली तर उरतो काय, खडखडाट. इकडचा माणूस पन्नास रुपयांच्या पट्टीसाठी तीन दिवस विचार करतो, आणि मग फुकटवालं दुसरं काही शोधतो.

एडिसनचा_बाळ्या

रक्कम खुबीची आहे म्हणालात त्यावरून लॉडसिस आठवलं. तेव्हा मी नुकता न्यू जर्सीत आलो होतो आणि फावल्या वेळात आयफोन अ‍ॅप करायचो, त्यामुळे रोज धास्तीने बातम्या वाचायचो.

मे २०११. लॉडसिस नावाच्या, स्वतः काहीही न बनवणाऱ्या कंपनीने छोट्या आयफोन डेव्हलपरांना पत्रं पाठवली. आरोप काय, तर अ‍ॅपच्या आतून खरेदी करायचं बटण आमच्या पेटंटात येतं. मुदत २१ दिवस. मागणी अमेरिकेतल्या उत्पन्नाच्या ०.५७५ टक्के. आता हिशेब करा. वर्षाला दहा हजार डॉलर कमावणाऱ्याला भरायचे साडेसत्तावन्न डॉलर. वकिलाला नुसतं पत्र वाचायला द्यायचं तरी त्याच्या कितीतरी पट बिल. न्यायान्यायाचा प्रश्नच उरत नाही, भरणं स्वस्त पडतं. सगळा धंदा या फरकावर उभा.

चीड आणणारी गोष्ट अशी की अ‍ॅपलकडे त्या पेटंटांचा परवाना आधीपासून होता, आणि बटण, ते जोडायची सोय (एपीआय), पैसे कापणं सगळं अ‍ॅपलचंच. अ‍ॅपलने तसं जाहीर पत्र लिहिलं, की आमच्या परवान्यात डेव्हलपरही येतात. लॉडसिसने आठवडाभरात सात डेव्हलपरांवर टेक्ससमध्ये खटले टाकले. अ‍ॅपल खटल्यात सामील झाली. आणि शेवटी? एकेका डेव्हलपरने तडजोड केली, २०१३ मध्ये उरलेल्यांचंही मिटलं, तेव्हा न्यायाधीश म्हणाले की आता वादच उरला नाही. अ‍ॅपलचा परवाना डेव्हलपरला झाकतो की नाही, याचा निकाल लागलाच नाही. अँटीव्हायरसवाली कॅस्परस्की मात्र अडून बसली, एक पैसा देणार नाही म्हणाली. खटला उभा राहायची वेळ आली तशी लॉडसिसने तिच्यावरचा दावा स्वतःहून मागे घेतला.

हे सगळं पूर्व टेक्ससमधल्या मार्शल नावाच्या गावात चालायचं. चिमुकलं गाव, पण देशभरातले पेटंट खटले तिथे, कारण तिथली ज्यूरी पेटंटवाल्यांना बरी पडते असा लौकिक. सॅमसंगने त्या गावात कोर्टासमोर बर्फावर स्केटिंग करायची रिंक पुरस्कृत केली होती. का, ते तुम्हीच ओळखा. २०१७ मध्ये टीसी हार्टलँड निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अमेरिकन कंपनीवर खटला ती जिथली आहे तिथे, किंवा जिथे भंग झाला आणि तिचं कायमचं ठाणं आहे तिथेच. मग २०१९ मध्ये अ‍ॅपलने त्या जिल्ह्याच्या हद्दीतली आपली दोन्ही दुकानं बंद करून शेजारी डॅलसमध्ये नवं उघडलं. कारण कंपनीने सांगितलं नाही. इथे सगळ्यांनी एकच ओळखलं: ठाणंच नको, म्हणजे तिथे खटला नको.

अ‍ॅड_सायनकर

बाळ्याभाऊ, छान लिहिलंत. एक भर घालते, कारण रियाजींना तीच लागणार आहे: तो निकाल अमेरिकन कंपन्यांपुरता आहे. परदेशी माणसावर अमेरिकेत कुठल्याही जिल्ह्यात खटला टाकता येतो. म्हणजे मार्शल तुमच्यासाठी अजून उघडंच आहे.

आता कामाचं. रियाजी, पेटंटचं शीर्षक आणि वरचा सारांश वाचू नका, त्याने विनाकारण घाबरायला होतं. शीर्षक असतं 'संगीत शिकण्याची प्रणाली व पद्धत' आणि वाटतं, संपलं, यांनी संगीतच विकत घेतलं. शेवटाकडे क्रमांक घातलेली वाक्यं असतात ते क्लेम. हक्क तेवढ्यावरच. त्यातही जी वाक्यं 'क्लेम एकप्रमाणे' अशी दुसऱ्याच्या खांद्यावर बसलेली नाहीत, ती स्वतंत्र. आधी तीच बघा. वाक्याचे तुकडे पाडा. त्यातला प्रत्येक तुकडा तुमच्या अ‍ॅपमध्ये असला तरच भंग. एक जरी नसला तरी शब्दशः भंग नाही.

आणि पेटंटच्या नंबराचं शेपूट बघा. अमेरिकेच्या नंबरामागे ए१ असेल तर तो नुसता प्रसिद्ध झालेला अर्ज. बी१ किंवा बी२ असेल तर मंजूर पेटंट. शिवाय अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी फी भरावी लागते. नाही भरली की पेटंट मेलं. गूगल पेटंट्सवर स्थिती दिसते, पण खात्री अमेरिकन पेटंट ऑफिसच्या साइटवर करा.

रियाजी_कोडर

ताई, बघितलं. दोन पैकी एकाचं शेपूट ए१ निघालं! म्हणजे पत्रात 'दोन पेटंट' म्हणताना एक नुसता अर्जच होता.

दुसरं मात्र बी२, जिवंत, फीसुद्धा भरलेली. पहिल्या क्लेमचा सारांश माझ्या भाषेत: एका वापरकर्त्याच्या उपकरणातल्या मायक्रोफोनने आवाज घ्यायचा, तो नेटवर्कवरून सर्व्हरला पाठवायचा, सर्व्हरने त्यातला सूर साठवलेल्या सुराशी ताडून गुण काढायचे, आणि ते गुण दुसऱ्या वापरकर्त्याच्या पडद्यावर दाखवायचे.

माझं अ‍ॅप विमान मोडमध्ये चालतं. सर्व्हरच नाही माझ्याकडे, त्याचं भाडं कोण भरणार! गुणही काढत नाही. आमचे गुरुजी म्हणतात सुराला मार्क देऊ नयेत, म्हणून नुसती रेघ.

हडपसर_बॅकएंड

विमान मोड! यालाच म्हणतात गरिबी कामाला आली.

अ‍ॅड_सायनकर

खूपच चांगलं. पण समोरचा वकील म्हणेल, 'सर्व्हरऐवजी फोनवर केलं, काम तेच झालं ना.' समान काम, समान रीत, समान परिणाम असेल तर अमेरिकेत कधीकधी तोही भंग धरतात. तुमच्याकडे दुसऱ्या वापरकर्त्याला दाखवणंच नाही, त्यामुळे ते जड जाईल त्यांना. तरी एक काम करा. अमेरिकन पेटंट ऑफिसच्या 'पेटंट सेंटर'वर त्या पेटंटची पूर्ण फाइल फुकट बघायला मिळते. परीक्षकाने काय आक्षेप घेतला, अर्जदाराने काय उत्तर दिलं, सगळं. पेटंट मिळवताना त्यांनी जे सोडून दिलं, ते नंतर मागच्या दाराने परत मागता येत नाही.

रियाजी_कोडर

रात्री जागून फाइल वाचली. ताई, तुमचे उपकार. परीक्षकाने आधी अर्ज नाकारला होता, की सूर दाखवणारे ट्यूनर आधीपासून आहेत. त्यावर यांचं उत्तर असं: ती जुनी साधनं ताडण्याचं काम उपकरणावरच करतात, आमचं सर्व्हरवर होतं, हाच आमचा नवेपणा. आणि त्यानंतर क्लेममध्ये 'सर्व्हर' शब्द घातला.

अर्जाची तारीख २००९. सूर पडद्यावर दाखवणारं काही त्याआधीचं शोधायचं तर प्लेस्टेशनचा सिंगस्टार २००४ चा आहे. त्यात गाताना सुराच्या पट्ट्या दिसायच्याच.

एडिसनचा_बाळ्या

अरे वा! स्वतःच लिहून दिलंय की फोनवर केलं तर ते आमचं नाही. तुमचं उत्तर त्यांनीच तयार करून ठेवलंय.

खेळगडी_कोल्हापूर

वाचतोय, भारी चाललंय. मूळ प्रश्नातला दुसरा भाग, आधी शोधावं की नाही, त्यावर माझं ठाम मत: शोधू नये. मी मोबाइल गेम करतो. आमच्या धंद्यात असली असली पेटंटं आहेत की वाचलीत तर हात गोठतील. लोडिंग चालू असताना छोटा खेळ दाखवायचा, यावर नामको या गेम कंपनीचं पेटंट होतं. १९९५ चा अर्ज, २०१५ च्या अखेरीस संपलं. सीडीवरून गेम लोड व्हायला मिनिटभर लागायचं त्या काळात सगळी दुनिया काळ्या पडद्याकडे बघत बसली, आणि पेटंट संपलं तेव्हा लोडिंगच उरलं नव्हतं! गेममध्ये तुम्हाला मारून गेलेला शत्रू तुम्हाला लक्षात ठेवतो आणि पुढे बढती घेऊन परत येतो, या वॉर्नरच्या नेमेसिस पद्धतीला २०२१ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. सप्टेंबर २०२४ मध्ये निन्टेंडोने पालवर्ल्ड हा गेम करणाऱ्यांवर टोकियोत पेटंटचा खटला टाकला, चेंडू फेकून प्राणी पकडण्यासारख्या गोष्टींवरून.

मोठ्या कंपन्यांत तर इंजिनियरांना सांगूनच ठेवतात की पेटंट वाचू नका. कारण अमेरिकेत माहीत असून भंग केला तर भरपाई तिप्पट होऊ शकते.

अ‍ॅड_सायनकर

तिप्पटीची गोष्ट खरी, अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या हॅलो निकालानंतर कोर्टाला त्याबाबत मोकळीकही जास्त मिळाली आहे. पण 'वाचू नका' हा मोठ्या कंपनीचा सल्ला आहे. त्यांच्याकडे वकिलांची फौज असते, ती वाचते. एकट्या माणसाने डोळे मिटले तर त्याच्यासाठी दुसरं कोणी वाचत नाही. आणि पत्र आल्यावर 'मला माहीत नव्हतं' हा बचाव तसाही संपला. रियाजींना आता वाचावंच लागणार होतं.

आपल्याकडे उलट आहे. कलम १११ म्हणतं, पेटंट आहे हे ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्याचं वाजवी कारणही नव्हतं असं सिद्ध केलंत तर भरपाई द्यावी लागत नाही. थांबवावं मात्र लागतं.

माझं मत मधलं. फीचर-फीचरमागे शोधाशोध करू नका, आयुष्य जाईल आणि तरी पुरं होणार नाही. अर्ज अठरा महिने प्रसिद्धच होत नाहीत, तेवढं तर कोणालाच दिसत नाही. पण ज्या एका गोष्टीवर तुमचं अख्खं अ‍ॅप उभं आहे, तिच्यापुरतं एकदा बघा. आणि व्हिडिओ, ऑडिओ, नेटवर्कचे प्रमाणित कोडेक (आवाज-चित्र आवळून साठवायचे, पाठवायचे प्रोग्राम) स्वतः लिहायला जाऊ नका, फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिममधले वापरा. तिथे परवान्यांचं जंगल आहे, आणि ते पैसे बहुधा फोनवाल्याने भरलेले असतात.

खेळगडी_कोल्हापूर

एवढ्यापुरतं मान्य. पण फीचरची यादी घेऊन पेटंट साइटवर बसणाऱ्याचा गेम कधी पुरा झालेला मी पाहिला नाही.

फ्रीलान्स_मावशी

तुम्ही सगळे पत्राला घाबरताय. मी पुण्यातून अमेरिकन आणि युरोपियन क्लायंटची कामं करते, आणि मला विचाराल तर आपल्यासारख्यांना पेटंट चावतं ते पत्रातून कमी आणि करारातून जास्त. तेही आपण स्वतः सही करून.

करार चाळीस पानी असतो, आपण दर आणि तारखा बघतो. पान तिसावर एक परिच्छेद: डेव्हलपर अशी हमी देतो की हे काम जगातल्या कुठल्याही पेटंटचा भंग करत नाही, आणि तसा दावा आलाच तर क्लायंटचं सगळं नुकसान, वकिलांच्या फीसकट, डेव्हलपर भरून देईल. मर्यादा? नाही. काम दोन लाखांचं आणि जबाबदारी आभाळाएवढी. जगातल्या सगळ्या पेटंटांची हमी गूगलसुद्धा देणार नाही, आणि आपण बाणेरच्या वन बीएचकेमधून देतो!

मी तीन गोष्टी बदलून मागते. 'भंग करत नाही'च्या जागी 'माझ्या माहितीप्रमाणे भंग करत नाही'. जबाबदारीची कमाल मर्यादा म्हणजे त्या कामाची मिळालेली फी. आणि क्लायंटने स्वतः सांगितलेलं डिझाइन, त्याने दिलेला कोड, किंवा माझं काम त्याने दुसऱ्या कशाला जोडल्यामुळे आलेला दावा यातून वगळायचा. बहुतेक क्लायंट पहिली आणि तिसरी निमूट मानतात, कारण त्यांच्या वकिलालाही ठाऊक असतं की मूळ मसुदा दादागिरीचा आहे. मर्यादेवर घासाघीस होते. फीच्या दुप्पटीवर वगैरे तुटतं. एका क्लायंटने साफ नकार दिला, ते काम मी सोडलं. दर फार चांगला होता, आजही आठवला की पोटात कालवतं.

हडपसर_बॅकएंड

मावशी, आत्ता उठून माझे जुने करार काढले. तुमचं पान तिसावर, माझं एकविसाव्यावर आहे. झोप उडाली.

पेंग्विन_सातारा

ओपनसोर्सवाल्यांच्या, म्हणजे कोड सगळ्यांना खुला ठेवणाऱ्यांच्या बाजूने थोडं. छोट्यांनी लढू नये असं वातावरण झालंय इथे, म्हणून.

२०१९ मध्ये जीनोम फाउंडेशन या ओपनसोर्स संस्थेवर खटला झाला. शॉटवेल नावाचा फुकट फोटो-मॅनेजर आहे, तो फोटो निवडून दुसरीकडे पाठवतो, यावरून. फिर्यादी रॉथ्सचाइल्ड पेटंट इमेजिंग. त्यांनी सवयीप्रमाणे किरकोळ रकमेत मिटवायची तयारी दाखवली. जीनोमने नकार दिला आणि लोकांकडे हात पसरला. चार हजारांहून जास्त लोकांनी मिळून दीड लाख डॉलरच्या वर दिले. मे २०२० मध्ये समोरच्याने माघार घेतली. जीनोमने छदामही दिला नाही. वर त्यांनी लिहून दिलं की मान्यताप्राप्त ओपनसोर्स परवान्याखाली आलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरवर आमच्या पेटंटांवरून खटला टाकणार नाही.

जुना किस्सा म्हणजे जिफ. कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ मध्ये चित्रांचा हा फॉरमॅट काढला, सगळे बिनधास्त वापरत होते. १९९४ च्या नाताळच्या सुट्टीत कळलं की आतल्या एलझेडडब्ल्यू या फाइल लहान करायच्या पद्धतीवर युनिसिस कंपनीचं पेटंट आहे आणि परवाना घ्यावा लागेल. लोकांनी रडत बसण्याऐवजी काही आठवड्यांत पीएनजी या पर्यायी फॉरमॅटची आखणी सुरू केली. आज कितीतरी फोनांचे स्क्रीनशॉट त्यात असतात. युनिसिसचं अमेरिकन पेटंट २००३ मध्ये संपलं, पीएनजी राहिलं.

आणि लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, निवडताना त्याचा ओपनसोर्स परवाना बघत जा. एमआयटी परवान्यात पेटंटाचा शब्द नाही. अपाची दोनमध्ये कोड देणारा आपल्या पेटंटांचा परवानाही स्पष्ट देतो, आणि त्या कोडवरून कोणी पेटंटचा खटला टाकला तर त्याचा तो हक्क जातो. जीपीएल तीनमध्येही तशी तरतूद आहे. मोठ्या कंपनीची लायब्ररी घेताना हा फरक महत्त्वाचा. पण लक्षात घ्या, हा परवाना फक्त कोड देणाऱ्यांच्या पेटंटांचा. तिऱ्हाईत ट्रोल, म्हणजे स्वतः काही न बनवता पेटंटवरून पैसे उकळणारा, आला तर अपाचीचा काही उपयोग नाही.

रियाजी_कोडर

पेंग्विनराव, माझ्यासाठी चार हजार लोक यायचे नाहीत. न्यू जर्सीतल्या चाळीस आया येतील फार तर.

ताई, आता उत्तर काय लिहू? आणि समजा मी गप्प बसलो आणि त्यांनी खरंच खटला टाकला तर? नाशिकला येऊन जप्ती आणणार का?

अ‍ॅड_सायनकर

अमेरिका आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली 'परस्पर' देशांत येत नाही. ब्रिटनचा हुकूमनामा इथे थेट बजावणीला टाकता येतो, अमेरिकेचा नाही. त्यांना इथे त्या निकालाच्या आधारे नव्याने दावा लावावा लागेल, आणि तुम्ही हजर नसताना गुणदोष न तपासता दिलेला निकाल असेल तर कलम १३ खाली तुम्हाला आक्षेप घेता येतो. एवढ्याशा रकमेसाठी कोणी ते करेल असं वाटत नाही.

पण म्हणून निर्धास्त राहू नका. त्यांना नाशिकला यायची गरजच नाही. तुमचे पैसे अ‍ॅपल आणि गूगलकडून येतात, दोघी अमेरिकेतल्या. तिथल्या कोर्टाचा आदेश त्यांना पाळावा लागतो. त्याहून सोपं म्हणजे खटला न करता स्टोअरकडे तक्रार. स्टोअर तुम्हाला आणि त्यांना एकमेकांत मिटवा म्हणून मेल टाकतं, आणि तुम्ही उत्तरच दिलं नाहीत तर अ‍ॅप खाली उतरू शकतं. तो मेल स्पॅममध्ये गेला म्हणून अ‍ॅप गेल्याची प्रकरणं माझ्याकडे आली आहेत. म्हणून हडपसरभाऊ, डिलीट मारायचं नाही.

उत्तर थोडक्यात द्या, आणि पाठवण्याआधी एखाद्या अमेरिकन पेटंट वकिलाला तासाभराचे पैसे देऊन दाखवा. पूर्ण खटल्याचे नव्हे, एका तासाचे. क्लेममधला कुठला तुकडा तुमच्याकडे नाही ते लिहा. फाइलमधलं त्यांचं स्वतःचं उत्तर, तारखेसकट. त्यांना विचारा की क्लेमचा प्रत्येक तुकडा माझ्या अ‍ॅपच्या कुठल्या भागाला लागू होतो त्याचा तक्ता द्या. ठोक पत्रं पाठवणाऱ्याकडे असा तक्ता बहुधा नसतो. 'तुमच्या पेटंटाबद्दल आदर आहे, पण' असली गोड वाक्यं टाकू नका, आणि तुमची विक्री किती, ते तर अजिबात सांगू नका.

एक तळटीप. भारतीय पेटंटावरून कोणी अशी पोकळ धमकी दिली तर आपल्या कायद्याच्या कलम १०६ खाली उलट तुम्हीच कोर्टात जाऊन मनाई आणि भरपाई मागू शकता. तुमच्या पत्रातलं पेटंट अमेरिकेचं, म्हणून इथे ते लागू नाही.

रियाजी_कोडर

तसंच करतो. एका शिष्याच्या वडिलांच्या ओळखीतून तिकडची वकीलबाई मिळाली आहे, एक तास द्यायला तयार आहे.

एक अडचण राहिली. पुढच्या आवृत्तीत 'गुरुजींना दाखवा' असं बटण घालणार होतो. शिष्याने घरी पलटा गायचा आणि गुरुजींच्या फोनवर त्याची रेघ दिसायची. हे त्या क्लेमच्या फारच जवळ जातं ना? डोक्यात आलेला उपाय असा: शिष्याच्या फोनवरून फक्त ध्वनिमुद्रण जाईल, तेही व्हॉट्सअ‍ॅपने किंवा कशानेही, माझा सर्व्हर मध्ये नाही. गुरुजींचा फोन ते मुद्रण उघडून स्वतःच सूर काढेल, तानपुऱ्याच्या षड्जावर बसवेल, आणि गुरुजींनी आधी गाऊन ठेवलेल्या त्याच पलट्याची रेघ खाली फिकट रंगात ठेवेल. लय मागेपुढे असेल तर स्वर ओळखून दोन्ही रेघा स्वरास्वराला जुळवायच्या, वेळेला नाही. गुण नाहीतच.

अ‍ॅड_सायनकर

सर्व्हरवर ताडणं नाही, गुण नाहीत. कागदावर तरी बरंच लांब गेलात. त्याच एका तासात वकीलबाईंना हेही दाखवा.

म्हापशेकार

हांव गोव्याचो, पण मराठीतच विचारतो. रियाजीबाब, ही स्वराला स्वर जुळवायची युक्ती चांगली आहे. उद्या दुसऱ्या कोणी तिच्यावरच पेटंट काढलं तर? तुम्हीच आधी काढून ठेवा की.

रियाजी_कोडर

खर्च बघितलात का अमेरिकन पेटंटचा? माझं वर्षभराचं उत्पन्न जाईल आणि वर राखायला दर काही वर्षांनी फी. मला फक्त दुसऱ्याने अडवायला नको.

पेंग्विन_सातारा

मग सरळ छापून टाका. जी गोष्ट आधीच जगजाहीर आहे तिच्यावर नंतर कोणाला पेटंट मिळायला नको. कोड उघडा करणं एवढंच पुरत नाही, परीक्षक कोड वाचत बसत नाही. काय केलं, कोणत्या क्रमाने, दुसऱ्या कुठल्या प्रकारे करता येईल, हे सलग लिहा, आकृती काढा, आणि तारीख पक्की राहील अशा जागी ठेवा. इंटरनेट आर्काइव्हवर त्या पानाची प्रत जतन करून घ्या, म्हणजे उद्या तुमची साइट बंद पडली तरी तारखेचा पुरावा राहतो.

म्हापशेकार

इंग्रजीतच लिहायला हवं?

अ‍ॅड_सायनकर

नाही. भाषा कुठलीही चालते, देश कुठलाही चालतो. मराठीत लिहिलंत तरी कायद्याने ते आधीचं प्रकाशनच. फक्त परीक्षकाला शोधताना सापडलं पाहिजे, म्हणून इंग्रजीत चार ओळी आणि आकृतीतले शब्द टाका.

हडपसर_बॅकएंड

म्हणजे हा धागासुद्धा पुरावा झाला की!

अ‍ॅड_सायनकर

रियाजींनी पलटे जुळवायची रीत वर जेवढी सांगितली आहे तेवढ्यापुरता, हो. आणि त्याची दुसरी बाजूही ऐकून ठेवा. अमेरिकेत स्वतः जाहीर केल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो. भारतात अशी सर्वसाधारण सवलत नाही. तेवढ्या भागावर इथे आता रियाजींनाही पेटंट मिळायचं नाही.

रियाजी_कोडर

घ्यायचंच नव्हतं. आकृती उद्या टाकतो, आज गुरुजींकडे तास आहे.